नामंजूर, पान एकशे त्रेचाळीस

सुरुवातीचं कोरं पान

काउंटरवर पुस्तकं दोन होती आणि माझ्याकडे कार्ड एकच.

एक जाडं. दोन महायुद्धं, त्यांच्या आधीचे करार, नंतरचे करार, कोण कुणाबरोबर कोणत्या साली. नकाशे घड्या घालून आत चिकटवलेले. सहाशे ऐंशी पानं. दुसरं पातळ, राखाडी पुठ्ठ्याचं, दोनशेच्या आतलं. राष्ट्रं एकमेकांशी अशी का वागतात, याचा सिद्धान्त. त्यात एकही नकाशा नव्हता.

१९६४ची दिवाळीची सुटी. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर आमच्या यवतमाळच्या कॉलेजात नुकताच सुरू झाला होता आणि त्याची वाचनालयात एवढीच दोन पुस्तकं. दोन्ही इंग्रजी.

विभागप्रमुख सर कपाटाला टेकून उभे होते.

"सत्यशीला, जाडं घे. दहातले आठ प्रश्न इतिहासाचे येतात. साल, करार, कलमं. पाठ केलं की झालं. सिद्धान्ताचा एक येतो, तोही पर्यायी. सवलतीवर शिकणाऱ्यांनी आधी पास व्हावं. विचार करायला पुढे आयुष्य पडलंय."

"आणि ज्यांना आत्ताच करायचा असेल त्यांनी, सर?"

सर हसले. मागच्या रांगेतलेही हसले.

काउंटरच्या आत सेवादास होता. वाचनालयाचा सहायक, दारव्ह्याकडच्या तांड्यातला, नोकरीत अजून कायम न झालेला. तारखेचा शिक्का त्यानं जांभळ्या पॅडवर दाबून धरला होता. "ताई, लवकर सांगा. शिक्का वाळून राह्यला."

कुणी कुणाला मारलं ते मला ठाऊक होतं. ते कळायला सहाशे ऐंशी पानं लागत नाहीत. आमच्या गावात राहिलं तरी पुरतं. मारतात, आणि मधे कुणी पडत नाही, ते का?

"पातळ," मी म्हणाले.

पान १

इथे आमच्या वस्तीची एक पद्धत सांगायला हवी. नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

आमचं गाव महागावपासून पाच मैल. गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या कडेला आमची वस्ती. छप्पन साली ऑक्टोबरात वस्ती नागपूरला गेली, दीक्षा घेऊन परत आली आणि पहिल्याच आठवड्यात सभा भरली. ठरलं ते असं. यापुढे वस्तीत येणारा प्रत्येक कागद सभेत मोठ्यानं वाचायचा. ऐकून झाला की वाद घालायचा. मग त्याच कागदावर लिहिता येणाऱ्या भीमराजकाकानं 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहायचं आणि खाली सभेला बसलेल्या सगळ्यांनी सही करायची, नाहीतर अंगठा द्यायचा. मग कागद आला तिथे परत पाठवायचा. अंगठे झाल्याशिवाय सभा उठायची नाही.

न ऐकलेल्या कागदांवर आमच्या आज्या-पणज्यांचे अंगठे होते. म्हणून.

दुसरा ठराव शिकणाऱ्या पोरांसाठी. बाहेर शिकायला गेलेल्यानं सुटीत घरी आलं की जे शिकतो ते सभेत ऐकवायचं. मागच्या दोन वर्षी मी माझ्या वहीतून नागरिकशास्त्र ऐकवलं होतं. वही माझीच, अक्षर माझंच, म्हणून तिच्यावर कुणी अंगठे दिले नाहीत.

या वेळी मी पहिल्यांदा छापील पुस्तक आणलं होतं. दुसऱ्याचं. परत द्यायचं.

हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या लगेच आलं.

पान ३१

रविवारी दुपारी वंदना झाली की समाजमंदिराच्या सारवलेल्या ओट्यावर सगळे बसत. मी इंग्रजी वाक्य वाचायची, मग मराठीत सांगायची. इंग्रजी वगळलं तर वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या तुळसाआजीला चालत नसे. "पह्यले त्याच्या तोंडानं बोलू दे, मंग तुह्या तोंडानं सांग."

एकतिसाव्या पानावर होतं: राष्ट्रांच्या वर कुणाचंही राज्य नसतं, त्यामुळे प्रत्येक राष्ट्र स्वतःचं बळ मोजूनच पाऊल टाकतं.

"म्हंजे त्याइच्यात पोलीस पाटील नाई?" तुळसाआजीनं विचारलं.

"नाही, आजी."

"मंग बरं हाय त्याइचं. आपल्याकडं हाय, आन् थो बी गावाचाच."

ओटा हसला. हसण्यासारखे दिवस नव्हते. पोळ्यानंतर गावातला एक बैल मेला आणि ओढून न्यायला वस्तीला सांगावा आला. आठ वर्षांपूर्वीच हे काम सोडलं, हे गावाला माहीत होतं. तरी आला. वस्तीनं नाही म्हटलं. गावानं पिठाची चक्की वस्तीला बंद केली. विहिरीवरून जाणारी वाट बंद केली. कापूस फुटून पांढरा झाला होता, त्याची वेचणीही बंद. वस्तीतल्या बायांनी अडगळीतली जाती काढली आणि माझी माय, इंदूबाई, पहाटेपासून दळायला बसायची.

टेकडीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. गावानं तिकडे निरोप धाडला, वेचणीला तुमच्या बाया पाठवा आणि वस्तीला तुमच्या वाटेनं जाऊ देऊ नका. तांड्याचा नाईक डोंगरसिंग. त्यानं उलट निरोप दिला, "बाया येतीन. पन वाट वाट हाय. तिच्यावरून कोन जाते थे पाह्याले आमी मानूस नाई ठेवला. आमचे आजे लदेणीवर, बैलाइच्या पाठीवर लादून, दोन्ही फौजाइले धान्य नेत. कोन्या फौजेनं बैल नाई अडवले."

पुस्तकात यावर, तटस्थ राहण्यावर, चार पानं होती. मी ती वाचून दाखवली. भीमराजकाका म्हणाला, "याच्यापेक्षा डोंगरसिंगनं लवकर आटोपलं."

अर्धं पुस्तक असं गेलं. मी खूश होते. रोज रात्री बा, माझा बाप उकंडा, पुस्तक पांढऱ्या फडक्यात बांधून फळीवर ठेवायचा आणि सकाळी मीच सोडलं की नाही ते गाठ बघून तपासायचा.

पान १४३

सुटीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी ओट्यावर दोन कागद होते. एक माझं पुस्तक. दुसरा गावाकडून आलेला, कोतवालाच्या हाती. त्यात लिहिलं होतं: वस्तीनं पूर्वीप्रमाणे मेलेलं जनावर न्यावं, सणाला डफडं वाजवावं, गाव चक्की आणि वाट मोकळी करील. खाली अंगठ्यांसाठी जागा सोडली होती. बरीच.

आधी पुस्तक, मग कागद, असं ठरलं. मला एकशे त्रेचाळीस पान लागलं.

"छोट्या राष्ट्रापुढे नकार हा पर्याय नसतो. होकार कुणाला द्यायचा, एवढंच त्याच्या हाती असतं."

वाचलं आणि मलाच ते आवडलं. परीक्षेत उतरवण्यासारखं वाक्य. घट्ट, कापता न येणारं.

बाबाराव मांडीवर थाप मारून उठला. बाबाराव म्हणजे वस्तीतला गवंडी, पाच लेकरांचा बाप, कुणालाही तोंडावर बोलणारा. "घ्या! म्या काय सांगून राह्यलो पंधरा दिवसापासून? पुस्तकात बी तेच हाय. लहान्याले नाई म्हनता येत नाई. आपली चाळीस घरं, त्याइची तीनशे. करा थो कागद मंजूर आन् मोकळे व्हा."

"बाबाराव, बस खाली," बा म्हणाला.

"कायले बसू? विलायतेचा शिकेल मानूस खोटं लिहीन काय? तुह्याच पोरीनं आनलं ना पुस्तक?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पान उलटलं. पुढे उदाहरणं होती, सगळी बाबारावाच्या बाजूची. सर म्हणाले होते, जाडं घे. जाड्यात नुसते करार होते. ते कुणाच्याही बाजूनं बोलले नसते.

"हे त्या लेखकाचं मत आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

तुळसाआजी पुढे सरकली. "त्यानं आपल्याले पाह्यलं हाय काय?"

"नाही, आजी."

"कोन्या दुसऱ्या वस्तीले?"

"माहीत नाही."

"मंग थांब जरा."

तेवढ्यात मायनं घागर दाखवली. पाणी तांड्याच्या वाटेनं आणायचं, म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, आणि दिवस कलायला लागला होता. मी पुस्तक तिथेच उघडं ठेवून उठले. खरं सांगायचं तर सुटले.

परत आले तेव्हा ओटा रिकामा होता. बाबाराव रागानं आधीच निघून गेला होता, अंगठा न देता. त्या वस्तीत हे पहिल्यांदा झालं होतं. बा फडक्याची गाठ मारत होता.

"काय ठरलं?"

"नामंजूर," बा म्हणाला. त्याच्या अंगठ्याला शाई होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी यवतमाळला आले.

पान १४३, पुन्हा

सेवादासनं फडकं सोडलं. पुस्तक परत घेताना तो प्रत्येक पुस्तक अंगठ्याखालून फर्रकन सोडायचा. एका जागी पानं अडकली. शाईनं चिकटली होती.

त्यानं उघडलं. मी पाहिलं.

त्या वाक्याच्या शेजारी, समासात, भीमराजकाकाच्या गोल अक्षरात: नामंजूर. खाली तारीख. खाली त्याची सही. त्याखाली, आणि समोरच्या पानाच्या समासातही, दहा अंगठे. प्रत्येकाखाली नाव. पहिला उकंडा. शेवटचा तुळसाबाईचा, तिरका, तिचं बोट सांध्यात वाकडं आहे तसा.

मला काय वाटलं ते लपवत नाही. लाज वाटली. इतकी, की मी काउंटरवरचं खोडरबर उचललं आणि माझ्या बापाचा अंगठा घासायला लागले.

"ताई, जाणार नाई तो," सेवादास हळूच म्हणाला. "शाईचा हाय."

मागे विभागप्रमुख सर उभे होते.

अर्ज

*मा. प्राचार्य साहेबांचे सेवेशी,*

*विनंती विशेष. मी आपल्या कॉलेजची विद्यार्थिनी असून दिवाळीच्या सुटीत वाचनालयातून नेलेले पुस्तक माझ्या घरच्या अशिक्षित व अडाणी माणसांनी, पुस्तक म्हणजे काय हे न समजल्यामुळे,*

इथपर्यंत मी लिहिलं. प्राचार्यांच्या खोलीत, त्यांच्या पेननं. सर सांगत होते, मी उतरवत होते. 'खराब केले' हे शब्द पुढे यायचे होते. परीक्षेचा फॉर्म प्राचार्यांच्या हाताखाली होता. त्यावर त्यांची सही झाली नाही तर माझं वर्ष जाणार होतं, आणि फीची सवलत एका वर्षाच्या नापासीवर बंद होते. म्हणजे शिक्षणच जाणार होतं.

न समजल्यामुळे.

ते वाक्य मला समजलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, पाठ करायला. ओट्यावर बसलेल्यांनी त्याला विचारलं होतं, तू आम्हाला पाहिलंस का?

"थांबलीस का?" सर म्हणाले. "पुढे लिही. खराब केले."

"हे खोटं आहे, सर."

"पुस्तकावर अंगठे नाहीत?"

"आहेत. न समजता दिलेले नाहीत. समजल्यावर दिलेत. उलटं लिहू का?"

मी 'अशिक्षित' ठेवलं, ते खरं होतं. 'अडाणी' खोडलं. 'न समजल्यामुळे' खोडलं. मग जे उरलं त्याचा अर्ज होईना. मी कागद तसाच प्राचार्यांच्या पुढ्यात सरकवला.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. हे वाचनालय त्यांनी स्वतः हिंडून पुस्तकं जमवून उभं केलं होतं, आणि समासावर पेन्सिलीची रेघ दिसली तरी त्यांचं जेवण बिघडे. त्यांनी ते पान पाहिलं, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"फॉर्मची शेवटची तारीख पाच डिसेंबर. शनिवार. त्या दिवशी पालकांना घेऊन ये. त्यांनी एवढंच म्हणावं, चुकून झालं. मी सही करीन. नाही म्हटलं तर नाही करणार."

मी घरी पोस्टकार्ड टाकलं. *बा, शनिवारी ये. एकटाच ये.*

समास

शनिवारी महागावच्या एस.टी.तून बारा माणसं उतरली.

बा पुढे. त्यानं खिशातून माझं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. 'एकटाच ये' याच्या शेजारी भीमराजकाकाचं अक्षर होतं. नामंजूर. खाली अंगठे.

"ज्याइनं देल्ले तेच येतीन ना," बा म्हणाला. "येकल्यानं कसं चालन?"

अकरा मोजले. बारावा बाबाराव होता, सगळ्यांच्या मागे, कुणाशी न बोलता.

"हा कशाला आला?" मी बाला विचारलं.

"इचार त्याले. गाडीत बी कोनासंग बोलला नाई."

वाचनालयात एवढी माणसं एकदम कधी आली नसावीत. तुळसाआजीनं चपला दाराबाहेर काढल्या, मग सगळ्यांनी काढल्या. प्राचार्य काउंटरशी उभे राहिले, बाजूला सर. सेवादासनं पुस्तक एकशे त्रेचाळीसवर उघडून ठेवलं. काउंटरच्या टोकाला ते जाडं इतिहासाचं पुस्तक होतं. दिवाळीत ते कुणीच नेलं नव्हतं.

"हा अंगठा तुमचा?" प्राचार्यांनी बाला विचारलं.

"हो जी."

"हे काय केलंत तुम्ही?"

"साहेब, कागद आला, ऐकला, पटला नाई. तसं लिहून परत पाठवला. एक दिवस बी उशीर नाई केला."

"हा कागद नाही. पुस्तक आहे."

"हो जी. मोठा कागद."

सर हसायला लागले आणि प्राचार्यांकडे पाहून थांबले.

"पुस्तक मंजूर-नामंजूर करायचं नसतं, बाबा. वाचायचं असतं."

"वाचलं ना जी," तुळसाआजी म्हणाली. "वाचल्याबिगर कसं नामंजूर करू?"

"आणि सगळं नाई केलं, साहेब," भीमराजकाका समजुतीनं म्हणाला. "येकच वाक्य. पान एकतीस तं पटलं आमाले. त्याच्यावर मंजूर लिहाचं राहून गेलं."

सरांनी घाईनं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

प्राचार्यांनी कपाळ चोळलं. "ज्यानं हे लिहिलं तो परदेशात आहे. तुमचे अंगठे त्याला कधी दिसणार नाहीत."

"दिसतीन कसे?" बा म्हणाला. "तुमी पाठवान तवा दिसतीन. आमी तहसीलदाराले कागद धाडतो, थो बी तलाठ्याच्याच हातून जाते."

प्राचार्य खालच्या आवाजात बोलले. "हे बघा. मला वाद नको. एवढंच म्हणा, न समजता झालं. तुमच्या मुलीचं वर्ष वाचेल."

वाचनालयात पंखा नव्हता. बाहेर सायकली लावल्याचे आवाज येत होते. बानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदा भीती होती. गावानं चक्की बंद केली तेव्हाही नव्हती.

"पोरी, तुहं वर्ष जाईन?"

"जाईल, बा."

"मंग सांग. तू म्हनशीन तसं म्हनतो. मी म्हनतो न समजता झालं. येकट्याचं म्हनतो."

तो म्हणाला असता. माझ्यासाठी तो खरोखर म्हणाला असता आणि परत जाताना एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसला असता. मी सरांच्या हाताखालून पुस्तक घेतलं.

"मी वाक्य परत वाचते. कुणाला समजलं नसेल तर त्यानं तसं सांगावं. ज्याला समजलंय त्यानं समजलं नाही म्हणू नये. माझ्यासाठीसुद्धा नाही."

आधी इंग्रजी. तुळसाआजी डोळे मिटून ऐकत होती. मग मराठी. "छोट्या राष्ट्रापुढे नकार हा पर्याय नसतो. होकार कुणाला द्यायचा, एवढंच त्याच्या हाती असतं."

"समजलं," आजी म्हणाली. "तवाबी समजलं होतं. नामंजूर."

"नामंजूर," भीमराजकाका.

एकेक करत सगळे. बा शेवटी. सगळ्यात मोठ्यानं.

"थांबा!" मागून आवाज आला. बाबाराव माणसं बाजूला करत पुढे आला. "साहेब, माहा आंगठा नाई याच्यात. मी उठून गेलतो."

प्राचार्यांचा चेहरा उजळला. "हे बघा. एक तरी समजूतदार माणूस आहे तुमच्यात."

"मी म्हनत होतो, गावाचा कागद मंजूर करा. पुस्तकवाला बी तेच म्हनते, म्हून माहा जोर वाढला. याइनं आइकलं नाई. कागद परत धाडला." बाबाराव काउंटरवर झुकला, त्या पानावर बोट ठेवलं, अक्षराला न लावता. "तीन हप्ते झाले. चक्की बंद. वाट बंद. माही बायको जात्यावर दयून राह्यली, आन् रोज मलेच बोलून राह्यली. पन साहेब, आमी जित्ते आहो. लेकरं शाळेत जाऊन राह्यले. तांड्याच्या वाटेनं जाते, चिखल तुडवत, पन जाते. हा मानूस म्हनते नकार नसतेच. मंग मी तीन हप्त्यापासून कायची भाकर खाऊन राह्यलो?"

त्यानं पानावरचं बोट उचललं.

"माहा राह्यला तेवढा घ्या," बाबाराव म्हणाला आणि हात पुढे केला.

भीमराजकाका खिसे चाचपायला लागला. शाईची डबी वस्तीतच राहिली होती.

सेवादासनं प्राचार्यांकडे पाहिलं नाही. तारखेच्या शिक्क्याचा जांभळा पॅड त्यानं दोन बोटांनी सरकवला. काउंटरच्या लाकडावरून तो हातभर गेला आणि बाबारावाच्या अंगठ्यापाशी थांबला.

"अरे!" प्राचार्य ओरडले. "अरे, काय करता!"

अकरावा अंगठा. जांभळा. सगळ्यांच्या निळ्या अंगठ्यांत वेगळा.

वाचनालयाचा नियम, कलम चार

"लिही!" प्राचार्य सेवादासला म्हणाले. "रजिस्टर काढ. पुस्तक खराब झालं असं लिही. मग मी बघतो फॉर्मचं."

सेवादासनं रजिस्टर काढलं. त्याच्या पुठ्ठ्याच्या आत नियम चिकटवलेले होते. त्यानं चौथ्यावर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं वाचलं. "पान फाटल्यास, गहाळ झाल्यास, किंवा मजकूर वाचता न आल्यास पुस्तक खराब समजावे."

"मग?"

"पान फाटलं नाई. गहाळ नाई." त्यानं पुस्तक उजेडाकडे धरलं. "आंगठे समासात हाय, साहेब. मजकुरावर एक बी नाई. पूर्ण वाचता येते. ताईनं आत्ताच वाचलं, सगळ्याइनं आइकलं."

"सेवादास, तू अजून कायम झालेला नाहीस."

"हो साहेब. माहीत हाय."

आणि त्यानं चिठ्ठीवर शिक्का मारला. जमा. ५ डिसेंबर १९६४.

त्या वर्षी त्याला कायम केलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. हे मला नंतर कळलं, आणि मी ते इथे लिहिते कारण त्या शिक्क्याची काही किंमत पडली नाही असं कुणाला वाटू नये.

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. ऑफिस चारला बंद होणार होतं. बारा माणसं अनवाणी उभी होती आणि त्यांतलं कुणी हलण्याच्या बेतात दिसत नव्हतं. नियम त्यांनीच लिहिलेले होते, खाली त्यांचीच सही होती. त्यांनी फॉर्म ओढला, सही केली, पेन झटकलं.

"मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "हे लक्षात ठेव."

"तसं लिहून द्या जी," तुळसाआजी म्हणाली. "आमी सभेत वाचू."

प्राचार्य निघून गेले. दारातल्या चपलांवर अडखळले, पण पडले नाहीत.

शेवटचं कोरं पान

कार्ड माझ्या हातात परत आलं. रिकामं. परीक्षेला साडेतीन महिने. फॉर्म ऑफिसात देऊन मी परत आले तेव्हा सगळे अजून काउंटरशीच होते आणि तुळसाआजी जाड्या पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"हे कायचं हाय?"

"इतिहासाचं, आजी. कुणी कुणाशी कोणता करार केला, त्याचं."

"म्हंजे कोनं कोनं आंगठे देल्ले त्याचं?"

"हो."

"आन् ज्याइनं नाई देल्ले त्याइचं?"

मी सूची उघडली. शेवटची चाळीस पानं, बारीक टाइप. करारांची नावं, सह्या करणाऱ्यांची नावं. नाही म्हणणाऱ्यांचा तिथे वेगळा रकाना नव्हता. असतील तर मधे कुठेतरी, एखाद्या वाक्यात, शोधावे लागतील.

"शोधावं लागेल," मी म्हणाले.

"घे मंग. संक्रांतीले ये घरी. आइकू."

सर पुढे झाले. दीड महिन्यापूर्वी ज्यांनी हेच पुस्तक माझ्यापुढे सरकवलं होतं, त्यांनी आता त्यावर तळहात ठेवला. "हे नको. सत्यशीला, हे पुस्तक दुर्मिळ आहे. तू ते पातळच ने. ते... ते तुझ्यासाठी जास्त योग्य आहे."

"सर, दहातले आठ प्रश्न यातून येतात. तुम्हीच म्हणालात. सवलतीवर शिकणाऱ्यांनी आधी पास व्हावं."

सरांचा हात तसाच होता. सेवादासनं चिठ्ठीवर तारीख मारली, सरांच्या बोटांना न लागेल अशी, आणि म्हणाला, "सर, हात काढा. शाई लागीन."

त्यांनी काढला.

मी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. चांगलंच जड होतं. भीमराजकाका जवळ आला, पुस्तकाची जाडी चिमटीत धरून मोजली आणि बाच्याकडे वळला.

"उकंडाभाऊ, येवढ्याले येक डबी पुरन काय?"

"दोन घे," बा म्हणाला.